पदवीनंतरची मुदत

परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या कार्यालयात बोलणं विद्यापीठांच्या क्रमवारीपासून सुरू होतं आणि व्हिसाच्या मुलाखतीपाशी थांबतं. पुढचं कुणी काढत नाही. परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावातून मुलासोबत आलेला बाप मात्र नेमकं पुढचंच विचारतो : "शिकणं झाल्यावर किती दिवस राहू देतेत तिकडं?" समोरचा माणूस म्हणतो, "काका, आधी ॲडमिशन तर होऊ द्या." मुलगाही ओशाळून बापाकडं बघतो. माझं म्हणणं असं, की या सगळ्या व्यवहारात सर्वांत शहाणा प्रश्न तोच आहे. त्याचं उत्तर महिन्यांत आणि तारखांत मिळाल्याशिवाय कुठल्याही घरानं कर्जाच्या कागदावर सही करू नये.

कर्जाचं आधी बोलतो, कारण बाकी सगळं त्यावर टेकलेलं आहे. झरीच्या शेतकऱ्याकडे सातबारा असतो, काळी जमीन असते. पण मोठ्या शैक्षणिक कर्जाला ती बहुधा चालत नाही. थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार २००२च्या सरफेसी कायद्यानं बँकांना दिला, आणि त्याच कायद्याच्या कलम ३१नं शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याच्या रक्षणासाठीची ही तरतूद योग्यच आहे. पण तिच्यामुळे बँकेला हवा असतो तो एनए, म्हणजे बिगरशेती झालेला प्लॉट, नाहीतर शहरातलं पक्कं घर. मग मुलाच्या काकानं परभणीत कधीकाळी घेऊन ठेवलेला प्लॉट आठवतो. त्याची एनए ऑर्डर शोधायची, मंजूर लेआउटची नक्कल काढायची, बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन करणाऱ्याचा दाखला, आणि शेवटी काकाची आणि काकूची सही. काकू सही करताना काही बोलत नाहीत. त्या प्लॉटवर त्यांच्या मुलीचं लग्न किंवा म्हातारपणचं घर मनात धरलेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता हिशेब. ४० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, १५ वर्षांची फेड : हप्ता महिन्याला ४४ हजारांच्या घरात जातो. शिकत असतानाचं साठलेलं व्याज यात धरलेलं नाही. २०२५-२६च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे हमीभाव पूर्ण मिळाला तरी दर महिन्याला आठ क्विंटलांहून जास्त सोयाबीन. आमच्याकडे एकरी आठ क्विंटल उतरलं तर पीक चांगलं आलं म्हणतात. हे कर्ज शेतीतून फिटत नाही, पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या पगारातूनही फिटत नाही. ते डॉलर, पौंड किंवा युरोतल्या पगारातूनच फिटतं. म्हणून पदवीनंतर तिकडे कायदेशीरपणे काम करता येणारा एकेक महिना मोजला पाहिजे.

हे महिने दोन जातीचे असतात, आणि सगळी गोम इथंच आहे. पहिल्या जातीची परवानगी पदवीमुळे मिळते. ती विद्यार्थ्याच्या नावावर असते. त्यानं आज या कंपनीत काम करावं, उद्या त्या. दुसऱ्या जातीची परवानगी मालकामुळे मिळते. अर्ज कंपनी करते, आणि नोकरी गेली की परवानगीचा पायाच जातो. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली तर दुसरा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. पहिल्या जातीच्या मुदतीत राहून दुसरीत जाणं, हीच परदेशी पदवीधराची खरी परीक्षा. ती विद्यापीठात होत नाही आणि तिचे गुण कुठल्याही गुणपत्रिकेवर येत नाहीत.

अमेरिकेचं उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण आपली बरीच मुलं तिथं आहेत. २०२३-२४ या वर्षात भारतीय विद्यार्थ्यांची तिथली संख्या ३,३१,६०२ झाली आणि चीन मागे पडला. पदवीनंतर त्यांना मिळते ती ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची परवानगी : १२ महिने. विषय विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणिताच्या सरकारी यादीतला असेल तर आणखी २४. ही वाढ २००८मध्ये १७ महिन्यांची होती, २०१६पासून २४ची झाली. विषय त्या यादीत आहे की नाही हे ठरतं विद्यापीठानं दिलेल्या आय-२० या कागदावरच्या सहा आकडी कोडवरून. नाव सारखंच वाटणारे दोन अभ्यासक्रम, एकाचा कोड यादीत, दुसऱ्याचा बाहेर. एकाला तीन वर्षं, दुसऱ्याला एक. प्रवेश घेताना फी विचारली जाते, वसतिगृह विचारलं जातं, हा कोड क्वचितच विचारला जातो. कृषिशास्त्र आणि अन्नतंत्र यांतले बरेच विषय या यादीत आहेत, हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या मुलामुलींनी आवर्जून लक्षात ठेवावं.

परवानगी म्हणून हातात येतं ते एक प्लास्टिकचं कार्ड. त्यावर फोटो, बोटाचा ठसा आणि दोन तारखा : कधीपासून, कधीपर्यंत. पण कार्डावर न छापलेला आकडा जास्त महत्त्वाचा आहे. पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. वाढीव मुदत मिळाली तर दोन्ही मिळून १५०. कार्डावरची सुरुवातीची तारीख उलटली की हे दिवस मोजले जाऊ लागतात, मुलगा मुलाखती देत असो की तापानं पडून असो. खरिपात वाफसा आला की पेरणी उरकावीच लागते, तसे हे नव्वद दिवस. म्हणून दीक्षान्त समारंभाच्या फोटोत हसणारी मुलं त्या महिन्यात फोनवर नीट बोलत नाहीत. घरच्यांना वाटतं, पोरगं बदललं. ते दिवस मोजत असतं.

त्यापुढे एच-१बी. १९९०च्या कायद्यानं वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घातली. अमेरिकेतून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा २००४च्या कायद्यानं वाढल्या. मागणी याच्या कितीतरी पट, त्यामुळे मार्चमध्ये सोडत निघते. तीन वर्षांच्या ओपीटीत साधारण तीनदा नाव घालता येतं. पण डिसेंबर २०२५मध्ये अंतिम झालेल्या नियमानं ही सोडतही सरळ ठेवली नाही. पगाराची पातळी जितकी वरची तितक्या जास्त वेळा नाव घातलं जातं : चौथ्या पातळीला चारदा, पहिल्या पातळीला एकदाच. नुकता शिकून बाहेर पडलेला मुलगा कुठल्या पातळीवर असतो, हे सांगायला नको.

२०२५चा सप्टेंबर मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. अतिवृष्टीनं सोयाबीन शेतातच कुजलं, जमिनी खरवडून गेल्या. त्याच महिन्याच्या १९ तारखेला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लावणारा जाहीरनामा काढला. तिथंच शिकून तिथल्या तिथं व्हिसा बदलणाऱ्यांना ही रक्कम लागू नाही, असा खुलासा यायला महिना गेला. ज्या घरांचं पीक पाण्यात होतं आणि मुलगा तिकडे ओपीटीवर होता, त्यांनी तो महिना कसा काढला असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. पिकाचा निदान पंचनामा होतो.

एक गोष्ट मात्र सल्लागार फारशी सांगत नाहीत. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न संस्था आणि ना-नफा संशोधन संस्था यांना एच-१बीची वार्षिक मर्यादा लागू नाही. तिथं नोकरी लागली तर सोडतीची गरजच पडत नाही. पगार कंपनीपेक्षा कमी असतो. पण मृदाशास्त्रात किंवा वनस्पती रोगशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या मुलीला हा रस्ता संगणकवाल्यांपेक्षा जवळचा आहे.

हरितपत्राची, म्हणजे ग्रीन कार्डाची, गोष्ट वेगळीच. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० हरितपत्रं, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. भारत आणि आइसलँड यांना एकच माप. भारतीयांची रांग त्यामुळे दशकांत मोजावी लागते. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, कारण तो माणसाचं काम बघत नाही, जन्मस्थान बघतो.

ब्रिटननं तर आपल्या मुलांना पुन्हापुन्हा हेलपाटे घालायला लावले. शिक्षणानंतर काम करू देणारा जुना व्हिसा २०१२मध्ये बंद केला. १ जुलै २०२१ला ग्रॅज्युएट रूट या नावानं दोन वर्षांची मुदत परत आणली. आता १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी.वाले सोडून, १८ महिनेच मिळणार. सप्टेंबर २०२६ला वर्षभराच्या मास्टर्सला बसणारा मुलगा थेट या कमी मुदतीत येतो. त्यानंतर कुशल कामगाराचा व्हिसा हवा, आणि त्यासाठीची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५पासून ४१,७०० पौंड आहे. नवख्यांना सवलत आहे, तरी ती गाठताना दमछाक होते. एका वर्षात पदवी मिळते म्हणून ब्रिटन स्वस्त, हा हिशेब अर्धवट आहे.

कॅनडा पदवीनंतर तीन वर्षांपर्यंतचं वर्क परमिट देतो, पण आयुष्यात एकदाच. नोव्हेंबर २०२४पासून कॉलेजमधल्या डिप्लोमांना विषयांची यादी लागली. विद्यापीठाच्या पदव्या तिच्यातून सुटल्या. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२४पासून बहुतेकांसाठी वयाची अट ५०वरून ३५वर आणली. भारताशी झालेल्या करारामुळे आपल्या पदव्युत्तर मुलांना तिथं तीन वर्षं मिळतात. नोकरी करून, घर सावरून, बत्तीस-तेहेतिसाव्या वर्षी निघणाऱ्यानं ही वयाची अट आधी बघावी.

मला स्वतःला आपल्या भागातल्या मुलांसाठी जर्मनी जास्त भरवशाचा वाटतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य मात्र युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. ही रक्कम लहान नाही, पण काकाचा प्लॉट लागेल इतकी मोठीही नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने, आणि त्या काळात पोटासाठी कुठलंही काम करायला मोकळीक. पुढे शिक्षणाला साजेशी नोकरी दोन वर्षं केली, निवृत्तिनिधीत पैसे भरले आणि जर्मन भाषा बी-१पर्यंत आली, की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. सोडत नाही, जन्मस्थानाची रांग नाही. भाषा शिकण्याचे कष्ट आहेत, पण ते आपल्या हातातले आहेत. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र शासनानं याच बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा जर्मन शिकवण्याची भाषा जिल्ह्याजिल्ह्यात झाली. परभणीच्या अभियांत्रिकी आणि कृषी महाविद्यालयांत पहिल्या वर्षापासून जर्मनचा वर्ग कायमचा चालायला हवा. शेवटच्या वर्षी पुण्याला खोली घेऊन सहा महिन्यांत भाषा उरकणं गरिबाच्या मुलाला परवडत नाही.

आता परत येण्याबद्दल. गावात परत आलेल्या मुलाकडे लोक कसे बघतात, हे मला माहीत आहे. "हाकलून दिलं का रे?" असं पारावर विचारलं जातं. या एका प्रश्नाच्या भीतीनं मुलं तिकडे खोट्या कंपन्यांची कागदपत्रं घेतात, दुसऱ्या-तिसऱ्या बिनकामाच्या मास्टर्सला पैसे भरतात, नव्वद दिवस लपवतात. हे सारं पुढे अंगाशी येतं.

परत येण्याचा एक इतिहास आपल्याकडेच आहे. १९१३मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. त्यांना अडवणारी मुदत परक्या सरकारची नव्हती, पैसे देणाऱ्याची होती. १९१७मध्ये ती संपली तेव्हा कोलंबियानंतर लंडनमध्ये सुरू केलेलं शिक्षण अर्धं होतं. ते अर्धं ठेवून त्यांना यावं लागलं. बडोद्यात जातीमुळे त्यांच्या वाट्याला काय आलं, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांत परत येण्याची परवानगी त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे घेऊन ते १९२०मध्ये पुन्हा गेले आणि डी.एस्सी. होऊन आले. अर्ध्यात परतण्याला त्यांनी शेवट मानलं नाही. त्यांच्यासमोरच्या अडचणींशी आजच्या मुलांच्या अडचणींची बरोबरी होऊ शकत नाही. पण परतीची तारीख आधीच ओळखून, तिच्यापुढची सोय लावूनच निघायचं, हे त्यांच्याकडून उचलता येतं.

म्हणून घरात बसून निघण्याआधीच बोलून घ्यावं. पदवीची तारीख, परवानगी संपण्याची तारीख आणि पहिल्या हप्त्याची तारीख एका कागदावर लिहावी. सोडत लागली नाही, तर त्या दिवशी किती कर्ज उरलेलं असेल आणि इथं परतून ते किती वर्षांत फेडता येईल, हेही त्यावर मांडावं. हा आकडा झेपत नसेल तर देश बदलावा, विषय बदलावा, नाहीतर दोन वर्षं इथं नोकरी करून मग जावं. आणि प्लॉट काकाचा असेल, तर तो कागद काका-काकूंसमोर मांडावा, मराठीत वाचून दाखवावा, त्यांना विचार करायला चार दिवस द्यावेत. काकू नको म्हणाल्या, तर ते मनाला लावून घेऊ नये.