सावलीतला आकडा

अकोल्यात, चंद्रपुरात पारा ४५ च्या वर गेला अशी मे महिन्यात बातमी येते, तेव्हा तो आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात. वारा खेळतो, ऊन लागत नाही. हवेचं तापमान मोजायची रीत हीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोच आकडा आपण गच्चीवर उन्हात उभ्या असलेल्या वस्तूंना आणि माणसांनाही लावतो, ते मला पटत नाही.

टीव्हीच्या छत्रीचंच घ्या. ती मुळात उन्हाचा विचार करून घडवलेली असते. तिच्या पत्र्यावरून हात फिरवला तर रंग किंचित खरखरीत लागतो, चकाकी नसते. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य थोडा वेळ बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा छत्री चकचकीत असती तर सगळं ऊन गोळा होऊन पुढच्या एलएनबीवर, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या डबीवर, पडलं असतं आणि तिचं प्लास्टिक वितळलं असतं. खरखरीत रंग ऊन विखरून टाकतो. उपग्रहाच्या लहरी मात्र साधारण अडीच सेंटिमीटर लांबीच्या. त्यांना तो खरखरीतपणा जाणवतही नाही. त्या मिनिटांत चित्र तुटतं ते सूर्याच्या रेडिओ-गोंगाटामुळे. इतका साधा आणि इतका नेमका उपाय मला फार थोड्या वस्तूंत दिसला आहे.

एलएनबी तापली की तिचा स्वतःचा गोंगाट थोडा वाढतो हे खरं. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून आलेला सिग्नल आधीच क्षीण असतो. तरी नुसत्या उन्हाने चित्र सहसा जात नाही, कारण पावसासाठी राखलेली ताकद इथे कामी येते. उन्हाचं खरं नुकसान सावकाश होतं. प्लास्टिकचं टोपण ठिसूळ होऊन तडकतं, केबलचं आवरण चिरतं, दिवसा फुगून रात्री आकसणारा कनेक्टर ढिला पडतो. मग मृगाच्या पहिल्या सरीत पाणी आत शिरतं, आणि दोष पावसावर येतो.

पुढची चूक आपली. सोसायटीच्या गच्चीवर एका छत्रीचा सिग्नल अनेक घरांत वाटणारा मल्टिस्विच आणि त्याचा पॉवर सप्लाय लोखंडी पेटीत कोंबून पश्चिमेच्या भिंतीला ठोकतात. वस्तूवर ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असलं, तरी ते भोवतीच्या हवेबद्दल असतं. बंद पेटीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. जिन्याच्या माथ्याखालची सावली, उत्तरेची भिंत, पेटीला पांढरा रंग, खाली-वर जाळीची भोकं: खर्च असा काहीच नाही. तरी ते होत नाही, कारण पेटी बसवणारा आणि बिघाड सोसणारा वेगवेगळा असतो.

आणि त्या गच्चीवर माणूसही चढतो. नवतपा, म्हणजे मेअखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू असताना भर दुपारी, तापलेल्या स्लॅबवर गुडघे टेकून तो छत्रीची दिशा जुळवतो. खालून कोणीतरी ओरडतं, ‘आलं का चित्र?’ त्याच्यासाठी ४५ हा आकडा अपुरा आहे. उन्हात काम करणाऱ्यांसाठी वेगळं मोजमाप अस्तित्वात आहे. त्यात ओल्या कापडाने गुंडाळलेला तापमापक घामाचा अंदाज देतो आणि काळ्या गोळ्यातला तापमापक उन्हाचा मारा मोजतो. कारखाने आणि लष्कर ते वापरतात. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा शहरव्यापी आराखडा केला, त्यानंतर तसे आराखडे इतर शहरांतही झाले. या आराखड्यांत दुपारची कामं टाळण्याचा सल्ला असतो, पण तक्रार ठरल्या तासांत मिटवायची अट ज्याच्या डोक्यावर आहे त्याला तो कसा पाळता येणार?

एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरची तक्रार सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच घ्यावी, आणि मधल्या तासांची मुदत मोजूच नये. ग्राहकाची एक मालिका बुडेल, पण ती रात्री पुन्हा दाखवतात.