हृदयाची क्ष-किरण प्रतिमा: प्रत्यक्ष की अनुमान?

क्ष-किरणांनी हृदयविकार तपासताना नेमके काय दिसते, हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न आहे. १९५८ मध्ये क्लीव्हलँड येथे हृदयरोगतज्ज्ञ मेसन सोन्स एका रुग्णाची तपासणी करत असताना कॅथेटरमधले आयोडीनयुक्त द्रव्य अनपेक्षितपणे थेट उजव्या हृदयधमनीत गेले. ठोके थांबले, रुग्णाला खोकायला लावल्यावर ते पुन्हा सुरू झाले. हृदयधमन्यांची आजची अँजिओग्राफी इथून सुरू झाली. मात्र तिच्या पडद्यावर उमटते ती धमनीच्या पोकळीतून वाहणाऱ्या द्रव्याची सावली. भिंतीत साचलेली चरबी त्या सावलीत येतच नाही. न्यायदर्शनाच्या परिभाषेत हे रोगाचे अनुमानच ठरते, धुरावरून अग्नी ओळखावा तसे. अनुमान व्याप्तीवर, म्हणजे खूण आणि तिने सुचवलेली गोष्ट यांच्या अटळ सोबतीवर, उभे असते आणि इथली व्याप्ती कच्ची आहे. निम्मी अरुंद दिसणारी धमनीही पुरेसे रक्त पुरवत असू शकते. म्हणून अडथळ्याच्या अलीकडचा व पलीकडचा दाब बारीक तारेने मोजतात; पलीकडच्या दाबाचे अलीकडच्या दाबाशी गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आले, तर अडथळा महत्त्वाचा मानतात. फोटॉन मोजणाऱ्या नव्या सीटी स्कॅनरमुळे धमनीची भिंतही बरीच स्पष्ट दिसते. हे मोठेच पाऊल आहे. पण त्याने हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, स्पष्ट होतो, व्याप्ती सिद्ध होत नाही. ती रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करूनच तपासावी लागते.