सूर्याचा झोत आणि त्याची दिशा

सूर्यामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळे उठतात, ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ साली रॉयल सोसायटीपुढे साफ नाकारली. जून १८८५ मधल्या आठ तासांच्या वादळासाठी सूर्याला चार महिन्यांच्या प्रकाश-उष्णतेइतकी ऊर्जा लागली असती, असा त्यांचा हिशेब. आकडेमोडीत खोट नव्हती. खोट होती गृहीतकात. सूर्य जे टाकतो ते प्रकाशासारखे चहूकडे टाकतो, असे त्यांनी धरले होते.

पुरावा तर ३३ वर्षांपूर्वीच मिळाला होता. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लखलखाट पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला.

पुरावा खरा आणि हिशेबही बरोबर, या कोड्याचा एक धागा वऱ्हाडात सापडतो. हा मुलूख तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असला तरी कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचाच होता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ॲनी आणि वॉल्टर माँडर हे ब्रिटिश खगोलनिरीक्षक दांपत्य तिथे तळणीला आले. ॲनीबाईंच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळातून दूरवर गेलेला एक लांबच लांब किरण टिपला. पुढे १९०४ मध्ये वॉल्टर यांनी ग्रीनिच वेधशाळेच्या नोंदींवरून दाखवले, की वादळे सुमारे २७ दिवसांनी परततात. पृथ्वीवरून पाहता सूर्याची एक फेरीही तेवढ्याच दिवसांची! म्हणजे सूर्य अरुंद झोत सोडतो, आणि पृथ्वी वाटेत आली तरच वादळ होते. केल्व्हिन यांची अवाढव्य ऊर्जा लागतच नाही. या शोधाच्या कथेत ॲनीबाई मागे राहतात, हे मला फार खटकते.

१९५८ मध्ये यूजीन पार्कर यांनी सौरवाऱ्याचा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांचा, सिद्धान्त मांडला. आता भारताचे आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून तो वारा मोजते. तरी दिशेचा प्रश्न संपलेला नाही, फक्त त्याचे रूप बदलले. झोत कधी पोचेल, हे एक-दोन दिवस आधी अदमासे सांगता येते. पण त्यातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल तरच मोठे वादळ उठते, आणि ते खात्रीने कळते यान त्या झोतात सापडल्यावर. मग हातात तासभर, कधी त्याहूनही कमी वेळ उरतो.

पृथ्वीवर प्रत्यक्ष काय घडले, ते मात्र जमिनीवरची वेधशाळाच सांगते. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था हे काम शहरातल्या आपल्या आवारात आणि दूर चौटुप्पलला करते. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणांना शहरी विजेचा गोंगाट सोसत नाही. विजेच्या ट्रामपायी कुलाब्याचे हे काम १९०४ पासून अलिबागला न्यावे लागले होते. विषुववृत्ताजवळच्या आपल्या अक्षांशांवर वादळ कसे वागते, ते युरोपच्या नोंदींतून कळणार नाही. म्हणून यानाइतकीच या वेधशाळांच्या निवांत जागांची राखण व्हायला हवी, असा माझा आग्रह आहे.