प्रसादाचे प्रमाण



आपल्या मंचेरियल जिल्ह्यात गूडेमच्या टेकडीवर श्रीसत्यनारायणस्वामींचे मंदिर आहे. कार्तिकमासी तेथे भाविकांची दाटी होते. याच देवाची पूजा आपण मराठी मंडळी घरोघरी करतो, तेव्हा प्रसादाचा रवा, तूप, साखर सारे सव्वाच्या मापाने घेतो. देवापुढे ठेवावयाचे तेही मापून ठेवावे, हा त्यातील बोध आम्ही मानतो. मात्र तोच शिरा आपल्या पानात आला की माप सुटते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांना हे फार महाग पडते. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांच्या अस्तरास हळूहळू इजा करते. रक्तदाब व मेद यांची तीस जोड मिळाली म्हणजे वाहिन्या अरुंद होतात. म्हणूनच मधुमेह्यास हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. कित्येकदा छातीत कळही येत नाही; केवळ धाप, घाम वा अकारण थकवा एवढीच सूचना मिळते. तिची उपेक्षा न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

मग प्रसाद नाकारावा काय? मुळीच नाही. प्रसाद कणभर घेतला तरी तो पूर्णच असतो. उपवासाचेही तसेच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच घरातली! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी हा संयम नव्हे. उलट इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने वैद्यांस न विचारता निराहार राहू नये. हातपाय कापू लागले, घाम फुटला, तर लगेच साखर तोंडात टाकावी. जीव राखल्याने व्रत भंगत नाही, अशी आमची श्रद्धा आहे.

नित्याच्या पानात अर्धा भाग पालेभाज्या व काकडी-दोडक्यासारख्या भाज्या, पाव भाग डाळ-उसळ आणि उरलेल्या पाव भागात ज्वारीची भाकरी किंवा भात असावा. मीठ दिवसाकाठी एका चहाच्या चमच्याहून कमी असावे. लोणचे-पापडातील मीठही त्यातच धरावे.

आहारास विहाराची जोड हवी. सुश्रुतसंहितेत निर्धन प्रमेह्यास अनवाणी, छत्रीवाचून शंभर योजने चालण्यास सांगितले आहे. त्यातील चालणे आजही शिरोधार्य आहे. आठवड्यातून ५ दिवस ३० मिनिटे झपाट्याने चालावे. अनवाणीपणा मात्र मधुमेह्याने सोडावा. मधुमेहात पावलांची जाणीव मंदावते, आणि तापल्या फरशीचा चटका वा रुतलेला काटा कळतही नाही. म्हणून प्रदक्षिणा सकाळच्या गारव्यात घालावी व घरी येताच तळपाय न्याहाळावेत. टेकडी चढताना ज्यांस धाप लागते, त्यांनी आधी हृदय तपासून घ्यावे. औषध मनाने बंद करू नये.

भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यासही योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही नाही, असे सांगितले आहे. देह हे भक्तीचे साधन होय. ते मापाने सांभाळण्याची बुद्धी श्रीसत्यनारायण आपणां सर्वांस देवो, हीच प्रार्थना.