यादीबाहेरची बोली

ऑनलाइन अर्जातला ड्रॉपडाउन म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तरांची यादी. भरणाऱ्याने त्यातले एक निवडायचे. आपले उत्तर यादीत नसेल तर ‘इतर’ निवडायचे, आणि अर्ज तेवढाही उदार नसेल तर खोटे उत्तर देऊन मोकळे व्हायचे, कारण लाल चांदणीचा रकाना भरल्याशिवाय ‘पुढे’चे बटण चालत नाही. या यादीत भरणाऱ्याला स्वतःचा पर्याय घालता यावा की नाही, हा आजवर संगणकवाल्यांनी आपसात मिटवायचा तपशील समजला गेला. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने येत्या जनगणनेत जात नोंदवायचे ठरवले. ही गणना मोबाइलवर होणार आहे आणि घरबसल्या स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही आहे. त्यामुळे तो तपशील आता घरोघरचा प्रश्न झाला आहे.

यादी बंदच हवी, असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक हुकमी आकडा आहे. १९३१च्या जनगणनेत जाती होत्या ४,१४७. २०११च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत जातीचा रकाना मोकळा ठेवला, तर नावे आली ४६ लाखांवर. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून ४९४ जाती. गणनेत निघाल्या ४,२८,६७७. सप्टेंबर २०२१मध्ये केंद्राने हेच प्रतिज्ञापत्रावर सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. केरळातल्या मापिला समाजाचे नाव चाळीस तऱ्हांनी लिहिले गेल्याचा दाखलाही त्यात होता. तेव्हापासून कोणत्याही बैठकीत कोणी मोकळ्या रकान्याचा विषय काढला की ‘मग शेहेचाळीस लाख मोजा’ असे म्हणून त्याला खाली बसवता येते.

युक्तिवाद सोयीचा आहे, बरोबर नाही. मापिला माणसाने आपले नाव चाळीस प्रकारे सांगितले नव्हते. ते चाळीस प्रकारे लिहून घेतले गेले. आडनाव, गोत्र, पोटजात, कुळी असे जे जे कानावर पडले ते एकाच रकान्यात गेले आणि नंतर ते निवडायला कोणी बसले नाही. दोष लिहिणाऱ्या हाताचा, शिक्षा मात्र सांगणाऱ्या तोंडाला.

नाव लिहून घेण्याचा हा पेच जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात मातृभाषेच्या बाबतीतही स्पष्ट दिसतो. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, आणि मधल्या पट्ट्यात अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, पावरी, बारेली, तडवी, शिवाय शाळेतली मराठी. मातृभाषेचा रकाना मोकळा ठेवला तर ‘अहिराणी’, ‘आहिराणी’, ‘अहिरानी’ आणि ‘ऐराणी’ अशा चार नोंदी येतील. त्या चारही एकच आहेत, हे अडावदच्या बाजारातले पोरही सांगेल. अक्षरे जुळवून सारखी नावे एकत्र करणारा प्रोग्रॅमही ते काम चोख करील. त्याच झपाट्यात तो ‘पावरा’, ‘पवार’ आणि ‘पोवार’ही एका ओळीत बसवील. पावरा ही सातपुड्यातली जमात, महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल या नोंदीखाली असलेली. पवार हे राज्यभर अनेक जातींत आढळणारे आडनाव. पोवार हा गोंदिया-भंडाऱ्याकडचा समाज. पहिली चार नावे एक आहेत आणि ही तीन वेगळी, हे अक्षरांवरून ठरत नाही. त्याला माणूस लागतो, आणि तोही जवळचा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची बोली पुण्या-मुंबईकडे अजून सर्रास अहिराणी म्हणून खपते. खुद्द जळगावकर तिला लेवा बोली म्हणतात. यादी मंत्रालयात बसून केली असती तर बहिणाबाईंचा रकाना कोणी भरला असता, हे वेगळे सांगायला नको.

या बाबतीत आजच्या प्रणालीकर्त्यांपेक्षा जॉर्ज ग्रियर्सन हा जुना आयरिश सनदी अधिकारी फार पुढे होता. भारतीय भाषांच्या पाहणीसाठी त्याने आधी यादी छापून जिल्ह्यांना पाठवली नाही. उलट जिल्ह्या-जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडून तिथल्या बोलींची नावे मागवली, जशी बोलली जात होती तशी. नावांवर त्याचा फारसा भरवसा नव्हता. आपण बोलतो त्याला काही नाव असते याचा गावातल्या माणसाला पत्ताच नसतो आणि नावे बहुधा शेजाऱ्यांनी ठेवलेली असतात, हे त्याने ओळखले होते. म्हणून नावासोबत त्याने नमुने मागितले: उधळ्या मुलाच्या बायबलमधल्या गोष्टीचे त्या बोलीत भाषांतर, एखादी स्थानिक कथा किंवा जबानी, आणि ठरावीक शब्दांची व वाक्यांची यादी. वर्गीकरण त्यानंतर. पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७मध्ये निघाला. तोवर मराठीची पोटबोली समजली जाणारी खानदेशी त्यात भिल्ली भाषांच्या शेजारी बसली. हा निर्णय पटो न पटो (मराठी अभ्यासकांपैकी अनेकांना तो आजही पटत नाही), तो कशावरून घेतला हे पुस्तक उघडून तपासता येते. नमुना छापलेला आहे. वाद घालायचा असेल तर पुरावा समोर आहे. साम्राज्याच्या नोकरीतल्या माणसाने विरोधकाला एवढी सोय ठेवली, ती स्वतंत्र देशाच्या एकाही पोर्टलला अजून जमलेली नाही.

मोकळ्या रकान्याच्या कैवाऱ्यांनाही मात्र इथे थांबावे लागते, कारण मातृभाषेचा रकाना जनगणनेत मोकळाच होता. सांगितलेले नाव पूर्ण लिहावे, ती भाषा की बोली हे ठरवू नये, अशी प्रगणकाला स्पष्ट सूचना असते. २०११मध्ये या रकान्यात १९,५६९ वेगवेगळी नावे आली. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या, १,४७४ नावे अवर्गीकृत म्हणून ‘इतर’मध्ये गेली आणि शेवटी देशाच्या भाषा ठरल्या १२१. दहा हजारांहून कमी भाषक असलेली भाषा नावानिशी छापली जात नाही. अहिराणी ‘खानदेशी’खाली गेली, पावरी, बारेली आणि तडवी ‘भिली’खाली. खानदेशीचे भाषक १९९१मध्ये सुमारे ९.७४ लाख, २००१मध्ये २०.७५ लाख, २०११मध्ये १८.६० लाख. दहा वर्षांत दुप्पट आणि पुढच्या दहात घट, असा पाळणा खानदेशात कधी हलला नाही. हलली ती नोंद. कोणी काय सांगितले, काय लिहिले गेले आणि काय कशाखाली घातले गेले, यांतले काय किती बदलले ते आकड्यावरून कळत नाही.

म्हणजे रकाना मोकळा आहे की बंद, हा प्रश्न अर्धाच आहे. लिहू द्यायचे आणि मागच्या खोलीत पुसायचे, याला बंद यादीपेक्षा मोठी लोकशाही म्हणता येत नाही. फरक एवढाच की बंद यादीत नकार तोंडावर मिळतो.

तांत्रिकदृष्ट्या उपाय अवघड नाही. टाइप करताना जुळणारी नावे खाली दिसावीत, पण न जुळणारे नावही स्वीकारले जावे. वेबपानांच्या प्रमाण भाषेत याची सोय तयार आहे. त्यामुळे अहिराणीची चार रूपे जागच्या जागी कमी होतात, कारण योग्य रूप समोर दिसले की बहुतेक जण तेच निवडतात. नवे नाव ताबडतोब सर्वांच्या यादीत जाऊ नये, नाहीतर एकाची चूक दुसऱ्याला पर्याय म्हणून दिसू लागते. ते आधी तालुक्यातल्या जाणकाराने पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन रकाने ठेवावेत: सांगितलेले नाव एकात, त्याचा गट दुसऱ्यात. पहिला कधीच बदलू नये. दुसरा बदलावा, पण कोणते नाव कशात मिळवले याचा तक्ता जाहीर असावा. ‘पावरा’ चुकून ‘पवार’मध्ये गेले तर चोपड्यातल्या माणसाला ते दिसले पाहिजे आणि हरकत घेता आली पाहिजे. २०११च्या जातगणनेला नेमका हाच दुसरा रकाना नव्हता, म्हणून शेहेचाळीस लाख. भाषागणनेला तो होता, पण वाचकाला त्याचा पूर्ण तक्ता नव्हता, म्हणून दुप्पट खानदेशी.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक बहुधा गावातलाच शिक्षक असेल आणि घाईत असेल. न विचारताच ‘मराठी’ भरण्याचा मोह त्याला होईल. आपल्या लहानपणी आई आपल्याशी जी बोलत होती ती बोली नाव घेऊन सांगावी, आणि त्याने मोबाइलवर काय भरले ते त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.