काउंटर आणि टेबल

रविवारी दुपारी यॉर्कशायर डेल्समधल्या एका खेड्यातल्या पबमध्ये आम्ही जेवायला गेलो होतो. लीड्सला राहणारी बहीण, मेहुणे, त्यांची दोन मुलं आणि मी. काउंटरपाशी सात-आठ जण उभे होते, पण रांग नव्हती. मी एका कडेला थांबलो. बीअरचा दांडा ओढणारी बाई माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे वळली, तसं त्याने माझ्याकडे हात केला : आधी यांचं. त्याच्या बुटांना शेतातला चिखल होता, पायाशी कुत्रा झोपला होता. तो मला ओळखत नव्हता. रांग दिसत नव्हती एवढंच. आपल्या आधी कोण आलंय हे तिथल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं.

‘पब’ हे ‘पब्लिक हाऊस’चं लघुरूप. चारचौघांसाठी उघडं असलेलं घर. आपल्याकडे अशा जागेला शब्दच नाही. गुत्ता आहे, अड्डा आहे, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या परवान्यांतून आलेली ‘परमिट रूम’ आहे. बायकामुलांना घेऊन जायचं तर ‘फॅमिली रूम’ वेगळी. पिणं आणि घर यांच्यामध्ये आपण भिंत घातली, आणि त्या भिंतीआड पिणाऱ्याला एकटं सोडलं. मी स्वतः पीत नाही. तरीही मला वाटतं, चारचौघांच्या नजरेसमोर, शेजाऱ्याशी बोलत घेतलेला पेला त्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या पेल्यापेक्षा माणसाला जास्त सांभाळतो.

अर्थात, इंग्लंडमध्येही या घरात सगळ्यांना सारखी जागा होती असं नाही. काउंटर पुरुषांचं असे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एका नावाजलेल्या वाइन बारमध्ये बायकांना काउंटरशी उभं राहून पेय मागायची बंदी होती. दोन स्त्रिया कोर्टात गेल्या आणि १९८२ मध्ये ती मोडली. खेड्यातल्या पबमध्ये बायका आणि मुलं मोठ्या संख्येने आली ती मात्र जेवणाच्या पाठोपाठ. त्याआधी खायला म्हणजे वेफर्सचं पाकीट, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं उकडलेलं अंडं, फार तर गार पोर्क पाय.

आज पारंपरिक म्हणून जे समोर येतं, त्यातलं काही फार जुनं नाही. ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगरणाऱ्याचं जेवण : पाव, चेडर चीजचा जाड तुकडा, आंबटगोड लोणचं. शेतकरी पाव-चीज शतकानुशतकं खात आलेत, पण हे नाव घरोघरी पोचवलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, चीजवरचं रेशनिंग उठल्यावर, चीजचा खप वाढवू पाहणाऱ्या दूध-चीज व्यवसायाने. म्हणून ते खोटं ठरतं असं मला वाटत नाही. नाव जाहिरातीने दिलं, भूक मात्र खरी होती.

रविवारचं रोस्ट खरोखर जुनं. आमच्या टेबलावर आलं तेव्हा यॉर्कशायर पुडिंग वाटीसारखं फुगलेलं होतं. कडा कुरकुरीत, तळ मऊ. भाचीने त्यात ग्रेव्ही ओतली आणि कड मोडून बुडवून खाल्ली. मैदा, अंडी आणि दुधाचं हे पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भाजतात. जुन्या घरांत ते मांसाच्या आधी वाढत, म्हणजे पोट निम्मं भरे आणि थोडं मांस सगळ्यांना पुरे. भाकरीने पोट भरून कोरड्यास पुरवणाऱ्या आयांना हे समजावून सांगायला नको.

या जेवणाने पब तगवला, हे मान्यच करायला हवं. १९६७ मध्ये गाडी चालवणाऱ्याच्या श्वासाची तपासणी सुरू झाली. सुपरमार्केटमध्ये बीअर स्वस्त मिळू लागली. २००७ मध्ये इंग्लंडात बंद जागेत सिगारेट ओढायला बंदी आली. यातले दोन कायदे योग्यच होते, पण नुसत्या बीअरवर खेड्यातला पब चालेना. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते. आता त्यातले हजारो मिटले आहेत. स्वयंपाकघर ज्यांनी नीट चालवलं, त्यातले बरेच टिकले.

आणि इथेच मला काळजी वाटते. १९९१ मध्ये लंडनच्या ‘द ईगल’ने पबमध्ये चांगलं जेवण द्यायला सुरुवात केली आणि ‘गॅस्ट्रोपब’ हा शब्द रुळला. पुढे खेड्यांतही टेबलं आधीच राखून ठेवायची पद्धत आली, काउंटर आखूड झालं, शहरातून गाड्या येऊ लागल्या. टेबलाला चार खुर्च्या असतात. पाचव्या माणसाला तिथे काम नसतं. काउंटरचं तसं नाही. तिथे बसायला जागा नसते, म्हणूनच सगळ्यांना उभं राहायला जागा असते. चिखलाच्या बुटांच्या त्या म्हाताऱ्याने एकट्याने कुठल्या टेबलावर बसायचं? ज्या दिवशी तो यायचा थांबेल, त्या दिवशी तिथे उत्तम उपाहारगृह असेल, पब नसेल.

कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या छोट्याशा गावाने यावर आपलं उत्तर शोधलं. तिथला ‘ओल्ड क्राउन’ विकला जाणार होता. २००३ मध्ये शंभराहून जास्त लोकांनी पैसे घालून सहकारी संस्था काढली आणि पब स्वतःच विकत घेतला. ब्रिटनमधला हा पहिला सहकारी पब मानला जातो. साखर आणि दूध सहकारावर उभं केलेल्या महाराष्ट्राला ही भाषा परकी नाही. तोट्याचा हिशेब पाहून मालक दार बंद करतो. गाव मात्र आपल्या बसायच्या जागेचाही हिशेब धरतं.

तुमची मुलं-भावंडं तिकडे असतील आणि तुम्ही त्यांच्याकडे गेलात, तर एक रविवार लंडनबाहेरच्या एखाद्या खेड्यात काढा. पीत नसाल तर लिंबूपाणी मागा, मांस खात नसाल तर पाव-चीज मिळेल. फक्त सरळ टेबलावर जाऊन बसू नका. आधी पाच मिनिटं काउंटरशी उभे राहा, आणि तुमच्या आधी कोण आलंय ते लक्षात ठेवा.