शोभेच्या कापडाची खरी किंमत

घरांत शोभेची वस्तु असावी कीं नसावी, हा वाद जुना आहे. आमच्या मतें त्याहून कठीण प्रश्न निराळाच आहे. सुंदर वस्तु सर्वांस परवडेल इतकी स्वस्त असावी, कीं ती करणाराच्या पदरीं पुरता मोबदला पडावा? दोन्ही गोष्टी चांगल्या. परंतु त्या एकत्र नांदतांना क्वचितच दिसतात.

विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) हा इंग्रज कारागीर पडद्यांच्या व खुर्च्यांच्या कापडावरील वेलबुट्टीबद्दल प्रसिद्ध आहे. केल्म्सकॉट येथील त्याच्या बागेंत कस्तुर जातीचे पक्षी जाळीखालीं शिरून फळें पळवीत. तो देखावा घेऊन त्यानें १८८३ सालीं 'स्ट्रॉबेरीचोर' नांवाची चीट काढली. ती छापण्याची रीत मोठी खटपटीची होती. प्रथम सर्व कापड निळींत बुडवावयाचें. मग रंग घालविणारें द्रव्य लांकडी ठशानें लावून नक्षीच्या जागची नीळ काढावयाची. नंतर तांबडा व पिवळा रंग चढवावयाचा. यास कित्येक दिवस लागत. कला थोडक्यांकरितां नसावी, असें मॉरिस सांगे. त्याच सालीं तो समाजसत्तावाद्यांसही मिळाला. परंतु त्याचें हें कापड इतकें महाग पडे कीं, तें श्रीमंतांवाचून इतरांच्या आटोक्यांत नव्हतें.

यावरून कोणी त्यास ढोंगी म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच्या कापडांत श्रमांची किंमत उघड दिसत होती, इतकेंच. कापड स्वस्त झालें म्हणजे ती किंमत नाहींशी होते असें नाहीं. पुष्कळदां ती दुसरा कोणी भरतो. बंगालच्या रयतेवर मळेवाले निळीची लागवड लादीत व भाव इतका थोडा देत कीं, १८५९ सालीं रयतेनें बंड केलें. निळें वस्त्र अंगावर घेणारांपैकीं कितीकांस त्या रयतेची आठवण झाली असेल? मूळ चीट तरी आपल्याच देशाची. तिनें इंग्लंडांतील घरें भरूं लागलीं, तेव्हां तेथील विणकरांच्या ओरडीवरून १७०० व १७२१ च्या कायद्यांनीं तिला अटकाव झाला. पुढें यंत्रावरची स्वस्त विलायती चीट इकडे आली, आणि येथील कोष्टी व रंगारी यांचा धंदा बसला.

आतां जवळचें पाहूं. आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील काळ्या जमिनींत कापूस पिकतो. त्यास भाव यावा म्हणून शेतकरी सकाळीं व्यापाऱ्याशीं हुज्जत घालतो. तोच संध्याकाळीं चादर चार पैसे कमी पडावी म्हणून दुकानदाराशीं हुज्जत घालतो. देण्याचें माप एक व घेण्याचें माप दुसरें, असा हा व्यवहार झाला.

कोणी म्हणेल, गरिबानें स्वस्त घेऊं नये तर काय उघडें राहावें? मुळींच नाहीं. ज्याची ऐपत नाहीं त्यास आम्ही दोष देत नाहीं. ऐपत जितकी अधिक, तितकी जबाबदारी अधिक. मॉरिसची ती नक्षी आज यंत्रानें छापली जाते व अनेक घरीं पोंचते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण दूरच्या गिरणींत मजुरी काय मिळते हें खेड्यांतल्या माणसाला कळत नाहीं. गांवांतलें मात्र कळतें.

आपल्याकडे जुन्या लुगड्यांची व धोतरांची वाकळ शिवतात. फाटक्या कापडास तींत पुन्हां कित्येक वर्षें आयुष्य मिळतें, आणि टांक्यांच्या ओळींची शोभा कोणत्याही पडद्याहून कमी नसते. परंतु ती दुसरीकडून शिवून घेतांना पुष्कळ लोक म्हणतात, "बसल्या बसल्या तर शिवायची, त्याला पैसे कसले?" वाचकहो, तिच्या बसण्याचे दिवस मोजा. त्या दिवसांत ती खुरपणीस गेली असती तर तिला जो रोज मिळाला असता, तेवढा तरी तिच्या हातावर ठेवा. त्याहून कमी देऊन घेतलेली वाकळ स्वस्त नव्हे; उरलेले पैसे त्या बाईनें भरले आहेत.